वहीतले घराणे, दप्तरातले घराणे
(नाशिक परिसरातील सरदार घराण्यांच्या वंशावळी : प्रस्तावना)

मराठ्यांच्या दोन गाद्यांना नाशिक जिल्ह्यातल्या दोन खेड्यांनी वारस दिले. १७७७ साली साताऱ्याच्या रामराजांनी सिन्नर तालुक्यातल्या वावीच्या भोसले घराण्यातला मुलगा दत्तक घेतला आणि तो दुसरे शाहू म्हणून छत्रपती झाला. पुढे शंभरेक वर्षांनी, २७ मे १८७५ रोजी, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला. बारा वर्षांचा तो मुलगा म्हणजे पुढचे महाराज सयाजीराव गायकवाड. वावीकर हे मालोजीराजांचे बंधू विठोजी यांच्या वंशातले. कवळाणेकर पिलाजीराव गायकवाडांचे पुत्र प्रतापराव यांच्या शाखेतले. दोन्ही घरांत पिढ्यान् पिढ्या नांगर चालत होता, शेतसारा भरला जात होता आणि आपण कोणाचे कोण हे घरातली म्हातारी माणसे तेवढी सांगत होती. गादी रिकामी झाली तेव्हा त्या सांगण्याचा कागद झाला. कवळाण्याच्या शाखेची वंशावळ तर इंग्रज सरकारने तपासूनच दत्तकाला मान्यता दिली.

वंशावळींच्या अभ्यासात शिरणाऱ्या नवख्या वाचकाला मला पहिली गोष्ट सांगायची आहे ती हीच. वंशावळ आपणहून जन्माला येत नाही. कोणीतरी ती मागते: गादीसाठी, वतनासाठी, इनामासाठी, सोयरिकीसाठी, श्राद्धासाठी, जातीच्या दाखल्यासाठी. ज्याने मागितली त्याला जेवढे हवे तेवढेच तिच्यात उतरते, उरलेले गळते. वाड्याच्या दिवाणखान्यात काचेत लावलेला वंशवृक्ष पाहिला की आपल्याला वाटते, हे घराणे असेच्या असे होते. नव्हते. एका वेळी, एका दारात उभे राहून त्या घराण्याने स्वतःची जी ओळख सांगितली, ती तो वंशवृक्ष दाखवतो. म्हणून ‘ही वंशावळ खरी की खोटी’ या प्रश्नापेक्षा ‘ही कोणत्या कामासाठी लिहिली’ हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे आणि या पुस्तकाची सगळी उभारणी त्याच मतावर आहे.

हा प्रश्न विचारायला नाशिकसारखी जागा नाही. शहरापासून हाकेच्या अंतरावर पांडवलेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. ती स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन ओळीमागून ओळी चालते, पण नवऱ्याचे नाव त्यात नाही. लेणे भिक्खूंना दान द्यायचे होते. दात्रीचे थोरपण मुलाच्या आणि नातवाच्या नावाने सिद्ध होत होते, तेव्हा तेवढेच कोरले. त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात उषवदात आपण दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात नहपानाचा जावई असल्याचे सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर माणसे आईवरून, मुलावरून आणि सासऱ्यावरूनही ओळख सांगत होती. पुढच्या काळातल्या, फक्त पुरुषांची नावे खाली खाली उतरत जाणाऱ्या वंशावळी वाचताना हे लेख मनात असू द्यावेत.

यादवांचे मूळही याच भूमीतले. चांदवड आणि सिन्नर ही त्यांची सुरुवातीची ठाणी. अंजनेरीच्या जैन मंदिरातला ११४२ सालचा सेउणचंद्राचा लेख अजून जागेवर आहे. ताम्रपट आणि पुढे हेमाद्रीने दिलेली राजप्रशस्ती यांतून यादवांची पिढीवार मांडणी मिळते. ती थेट यदुवंशापर्यंत जाते. राजघराणे स्थिरावले की त्याचा पूर्वज पुराणात सापडतो, हा भारतभरचा नियम आहे आणि युरोपातही फार निराळे घडले नाही. सिंदखेडच्या जाधवांनी पुढे आपला संबंध याच यादवांशी जोडला. तो जोडताना मधल्या काही पिढ्या अंधारातच राहिल्या, हे जाधवांचा अभिमान बाळगणाऱ्या अभ्यासकांनीही मान्य करायला हवे.

भोसल्यांच्या बाबतीत हा वाद अधिक तापला. चितोडच्या सिसोदियांशी असलेला संबंध १६७४च्या राज्याभिषेकासाठी गागाभट्टांच्या वेळी ‘तयार केला गेला’ असे एका पक्षाचे म्हणणे. त्याला उत्तर मिळाले ते जयराम पिंड्ये या नाशिक परिसरातल्या कवीकडून. जयराम शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारी गेला आणि त्याने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ते १९२२ साली मोठ्या प्रस्तावनेसह छापले. राज्याभिषेकाच्या बऱ्याच आधीच्या या काव्यात सिसोदिया कुळाचा उल्लेख आहे. तेव्हा ती कल्पना १६७४ साली निघाली नाही एवढे नक्की ठरते. कल्पना जुनी आहे म्हणजे वंश सिद्ध झाला असे मात्र ठरत नाही. या दोन विधानांतले अंतर ज्याला कळले त्याला वंशावळशास्त्राचा अर्धा भाग कळला. भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेने १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपला वंश मराठीत कोरून घेतला. इंग्रजांनी तंजावरचा कारभार हाती घेतल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. सत्ता गेली की दगडावर वंश कोरायची निकड का वाटते, हे उघड आहे.

आणि रामराजा? थोरले शाहू महाराज १७४९च्या डिसेंबरात वारले. ताराबाईंनी आपला लपवून ठेवलेला नातू म्हणून रामराजाला पुढे आणले. वर्ष सरायच्या आतच त्यांचे त्याच्याशी बिनसले आणि हा आपला नातू नव्हेच, गोंधळ्याचा पोर आहे, असे त्यांनी जाहीर केले. एकाच आजीने एकाच वर्षात एकाच मुलाबद्दल दोन्ही विधाने केली. यापुढे कोणत्या साक्षीदारावर विसंबायचे? पेशव्यांना छत्रपती हवा होता, म्हणून रामराजा छत्रपती राहिला आणि वावीच्या मुलाचा दत्तक त्याच्याच हातून झाला. साताऱ्याच्या गादीची वंशावळ इथे रक्तावर न चालता राजकारणावर चालली. तरीही ती गादी सर्वांनी मानली, हे विसरून चालणार नाही.

सामान्य सरदार, देशमुख, पाटील यांच्या घरी वंशावळ चालायची ती वतनाच्या भांडणात. थोरली पाती, धाकटी पाती, भाऊबंदांची तक्षीम, मानपान, होळीच्या पोळीचा मान कोणाचा, असल्या तंट्यांत वादी आणि प्रतिवादी दोघेही आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे घराण्याचा पूर्ववृत्तान्तच. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या बादशाहीत आला, त्याला मुलगे किती, कोण लढाईत पडला, कोण निपुत्रिक गेला, दुष्काळात कोण गाव सोडून गेला आणि परत आल्यावर वतन कोणी दाबले, हे सगळे त्यात असे. मग गोतसभा बसे, महजर होई, पाटलाच्या नावापुढे नांगर निघे आणि निवाडपत्र मिळे. महाराष्ट्राच्या कौटुंबिक इतिहासाचे सर्वांत जिवंत गद्य या करीन्यांत आहे. पण लक्षात ठेवायचे ते हे, की करीना लिहिणारा भांडायला बसलेला असतो. चुलतभावाची पाती तो शक्य तितकी तोडतो.

इंग्रज आले ते स्वतःच्या देशातली सवय घेऊन. इंग्लंडात १४८४ साली कॉलेज ऑफ आर्म्सला राजाची सनद मिळाली आणि १५३० ते १६८८ या काळात राजाचे हेरल्ड परगण्या-परगण्यांतून फिरून उमरावांची कुलचिन्हे व वंश तपासत राहिले. १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी सक्तीच्या झाल्या. १८२६ साली जॉन बर्कने उमराव घराण्यांचा कोश काढला. तो आजही ‘बर्क्स पीअरेज’ म्हणून ओळखला जातो. बर्कच्या पानांतून घराण्यांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी तशाच छापल्या गेल्या. विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले तेव्हा त्याच्याबरोबर आलो, असे सांगणारी घराणी तर मोजता येऊ नयेत इतकी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड फ्रीमन आणि नंतर होरेस राउंड यांनी या कथांची निर्दयपणे चिरफाड केली. जॉर्ज कोकेनने ‘कम्प्लीट पीअरेज’मध्ये प्रत्येक विधानाला पुरावा जोडण्याचा प्रघात पाडला. खोटे पूर्वज ही काही आपल्याकडचीच मिरास नाही, हे कळायला राउंड वाचावा.

मात्र एका बाबतीत त्यांची रीत आपल्याहून मुळातच वेगळी. तिकडे पदवी आणि जहागीर बहुधा थोरल्या मुलाकडे जाते, धाकट्याचा मुलगा दोन पिढ्यांत साधा नागरिक होतो आणि दत्तकाला सरदारकी मिळत नाही. इकडे सगळ्या भावांचा वाटा, आणि दत्तक तर धर्माने दिलेला पूर्ण पुत्र. ज्या अधिकाऱ्यांना ‘एक घराणे, एक वारस’ एवढेच ठाऊक होते, त्यांच्यापुढे आमची दहा पात्यांची घराणी आली तेव्हा गाठ पडली. एल्फिन्स्टनने दख्खनच्या सरदारांचे वर्ग पाडले. नाशिक भागातले विंचूरकर पहिल्या वर्गात आले. पुढे डलहौसीने दत्तक नाकारून १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर घेतले. १८५७ नंतर धोरण उलटले आणि १८६२च्या सुमारास संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. कवळाण्याचा मुलगा बडोद्याला जाऊ शकला तो या उलटलेल्या धोरणामुळे.

खालच्या थरात सर्वांत खोल खणले ते इनाम कमिशनने. १८५२च्या अकराव्या कायद्याप्रमाणे इनाम टिकवायचे तर इंग्रज अंमलाआधी साठ वर्षे अखंड भोगवटा असावा आणि तो अंमल आला तेव्हा इनाम मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्यापुढच्या पुरुष वारसाकडे असावे, असा एक नियम होता. म्हणजे पिढ्या मोजण्यावर जमीन राहणार की जाणार हे ठरले. गावोगावच्या इनामदारांनी मोडीतले रुमाल सोडले, जुन्या सनदा काढल्या आणि कैफियतींसोबत वंशावळी लिहून दिल्या. आज जी ‘जुनी’ वंशावळ आपल्या घरी आहे असे लोक सांगतात, तिची भाषा नीट पाहिली तर ती याच काळात, कचेरीच्या साच्यात बसवून लिहिलेली निघण्याचा संभव फार. त्या साच्यात मुलींना जागा नव्हती. निपुत्रिक चुलत्याच्या नावापुढे ‘नष्टांश’ लिहून पुढे जायचे. दासीपुत्र तर कागदावर यायचाच नाही. हे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात जाऊन बसले. त्यांतल्या निवडक कैफियती मावजी आणि पारसनीस यांनी १९०८ साली छापल्या.

संशोधनाच्या पहिल्या पिढीचे मोठेपण वेगळे सांगायला नको. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढले, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले आणि अस्सल कागदाशिवाय बोलायचे नाही असा दंडक घातला. तो त्यांनी स्वतः नेहमी पाळला असे नाही, हा भाग निराळा. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यात सयाजीरावांच्या पदरी होते. रियासती लिहिता लिहिता त्यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचे जे पुस्तक तयार केले, ते आजही प्रत्येकाच्या हाताशी असते. कवळाण्याहून गेलेल्या महाराजांच्या आश्रयाला राहिलेल्या माणसाने मराठ्यांच्या वंशावळी जुळवाव्यात, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो. सरदेसायांचा दोष म्हटला तर एवढाच, की त्यांचे तक्ते फार स्वच्छ आहेत. शंका कुठे होती, दोन कागदांत विरोध कुठे आला, हे तक्त्यात दिसत नाही आणि पुढचे लोक तक्ताच उतरवत राहतात.

दुसरा प्रवाह कुलवृत्तान्तांचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून एकेका आडनावाच्या लोकांनी एकत्र येऊन जाडजूड कुलवृत्तान्त छापले, पत्रे पाठवून देशोदेशीच्या शाखा गोळा केल्या. चिकाटी दांडगी, नावांची संख्या अफाट. पण यातही मागणी होतीच: छापील समाजात आपले कूळ दिसावे. शहाण्णव कुळींच्या याद्या आणि मराठ्यांना वेदोक्त विधींचा अधिकार आहे की नाही या वादानंतर निघालेली क्षत्रियत्वाची पुस्तके याच हवेत वाढली. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात बैलावर बाड लादून दारोदार वंश वाचणारे हेळवी आणि उत्तरेकडे भाट, यांची परंपरा या सगळ्याहून जुनी आणि जास्त दुर्लक्षित. अलीकडच्या अभ्यासकांनी वंशावळीकडे पुरावा म्हणून न पाहता एक लेखनप्रकार म्हणून पाहायला शिकवले. सुमित गुहा आणि प्राची देशपांडे यांचे लेखन या दिशेने वाचण्यासारखे आहे.

आता नाशिकच्या वह्यांकडे येतो. या पुस्तकाचे कारण त्याच आहेत.

रामकुंडावर उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो: आडनाव कोणते, मूळ गाव कोणते? तिसरा प्रश्न पूर्वी जातीचा असे, अजूनही असतो. उत्तर मिळाले की तीर्थोपाध्याय घरातून वही आणतात आणि आजोबांची, खापरपणजोबांची सही समोर ठेवतात. १८८३च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरनेही या वह्यांची दखल घेतली आहे. नाशकात आणि त्र्यंबकेश्वरात क्षेत्रोपाध्यायांच्या घरोघर अशा वह्या आहेत, आडनाववार आणि गाववार लावलेल्या. यजमानवृत्ती ही वारशाने चालणारी मिळकत होती. भाऊ वेगळे झाले की यजमानही वाटले जात, आणि मग वह्याही. यजमान कोणाचा यावरून तंटा झाला तर यजमानाच्या पूर्वजाने करून दिलेला लेख हाच पुरावा. म्हणून तो लेख यजमानाच्या हातचा लागे. ‘मी अमका, अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू, तीर्थयात्रेस आलो, सोबत अमके अमके, पुढे आमचे वंशज येतील त्यांनी यांसच उपाध्ये मानावे’ असा त्याचा मजकूर साधारण सगळीकडे सारखा. जुने लेख मोडीत, मग बाळबोधीत, हल्ली बॉलपेनने आणि मोबाइल क्रमांकासकट.

या नोंदींचे मोल कशात आहे? वहीत लिहिणाऱ्याला त्या क्षणी कोणाकडून जमीन घ्यायची नसते. त्याला श्राद्ध करायचे असते. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावे लागतात आणि आईचा बाप, आजा, पणजाही लागतात. तीर्थश्राद्धात तर चुलते, मामा, भाऊ, आत्या, बहिणी, सासरे, अपत्यहीन मेलेले, सगळ्यांना पिंड. इनाम कमिशनच्या वंशावळीत ज्यांना जागा नव्हती ती माणसे इथे नावानिशी हजर होतात. दप्तरातली वंशावळ मालमत्तेच्या रेषेने खाली उतरते, वहीतली वंशावळ आठवणीच्या वर्तुळाने पसरते. दोन्ही एकाच घराण्याच्या असूनही त्या जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच वाचण्यासारखे काहीतरी असते.

वहीलाही मर्यादा आहेत. पणजोबांच्या पलीकडची नावे बहुतेकांनी ऐकीव सांगितलेली. घरातला कर्ता पुरुष लिहितो, त्याचे भांडलेले भाऊ त्याला आठवत नाहीत. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी, की तीर्थावर ज्याला येऊ दिले जाई त्याचीच नोंद होई. काळाराम मंदिर सध्याच्या रूपात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. ओढेकर हे आमच्या विषयातलेच घराणे. त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना देवळाचे दार बंद होते त्यांच्या पिढ्या शोधायच्या तर महार वतनाचे कागद, कोतवाल बुक, गाव नमुना चौदा इकडे वळावे लागते. सरदार घराण्यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे सांगायचे कारण साधे आहे. पूर्वजांची यादी असणे हाही एक विशेषाधिकार होता.

सरदारांनी नाशिकला का यावे आणि इतके ठसे का ठेवावेत, हे नकाशा पाहिला की कळते. पुण्याहून खानदेश-माळव्याकडे जाणारी वाट इकडून, शिवाय गोदावरीचे पुण्य. नारोशंकरांनी १७४७ साली रामेश्वराचे देऊळ बांधले, चंद्रचूडांनी १७५६ साली सुंदरनारायण. त्र्यंबकचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी सुरू केले ते १७८६ साली पुरे झाले. चांदवडला होळकरांचा रंगमहाल. गोपिकाबाई गंगापुरात राहिल्या, आनंदीबाई आनंदवल्लीत, आणि ग्वाल्हेर सुटल्यावर बायजाबाई शिंदेही काही काळ नाशकात होत्या. मराठेशाहीतल्या या तीन कर्त्या विधवांनी नाशिकच्या परिसरात दिवस काढले. छापील वंशवृक्षांत त्या ‘पत्नी’ या शब्दापलीकडे क्वचितच जातात.

घराण्यांच्या गुंत्याचे एकच उदाहरण देतो. मालेगावचे राजेबहादूर आणि विंचूरचे विंचूरकर ही दोन वेगळी सरदार घराणी म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. दोघांचेही मूळ आडनाव दाणी. एकाला किताबाने नवे आडनाव मिळाले, दुसऱ्याला जहागिरीच्या गावाने. आडनाव धरून शोध घेणारा माणूस इथे पहिल्याच पायरीला घसरतो. मराठी घराण्यांत आडनाव हा सर्वांत कच्चा धागा आहे. कुलदैवत, देवक, गोत्र, मूळ गाव आणि उपाध्यायाचे घर हे त्याहून पक्के. त्यातही नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत, त्यामुळे एकाआड एक पिढीत तोच विठ्ठल आणि तोच शिवदेव. दोन पिढ्या गाळल्या गेल्या की शंभर वर्षांचे गणित पन्नासात बसते. सुना माहेरचे नाव सासरच्या उंबऱ्याबाहेर ठेवून येतात, म्हणून एकाच बाईची दोन नावे दोन वह्यांत असतात. तारखांचा घोळ वेगळाच. शकात ७८ मिळवले की बहुतेक काम भागते, पण सुहूर सन ‘इहिदे, इसन्ने, सलास’ अशा अरबी शब्दांत येतो, मृगाला बदलतो आणि इसवी सनासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली आणखी निराळा.

आणि दत्तक. मल्हारराव होळकरांचा पुरुषवंश नातू मालेरावाबरोबर १७६७ साली संपला. पुढचे होळकर तुकोजींचे. महादजी शिंद्यांना मुलगा नव्हता, दौलतरावांना नव्हता, जनकोजींना नव्हता. हल्ली डीएनए तपासून पूर्वज शोधण्याची हौस वाढली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. इंग्लंडात तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ साली लेस्टरला सापडला. आईकडचा वारसा त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला आणि बापाकडचा मात्र त्याच कुळातल्या म्हणवणाऱ्या आजच्या पुरुषांशी जुळला नाही. मधे कुठेतरी, कोणत्या तरी पिढीत, कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. तिथे याने खळबळ उडाली. आपल्या घराण्यांत असा तुटलेला दुवा निघाला तर तो बहुतेक वेळा दत्तकाचा असेल, सर्वांसमक्ष होम करून घेतलेल्या मुलाचा. मराठा घराण्याने जो प्रश्न कधी विचारलाच नाही त्याचे उत्तर प्रयोगशाळा देते.

हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०२३च्या सप्टेंबरात राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. नोंद सापडली तरी तिच्याशी आपली वंशावळ जोडून दाखवावी लागते. तहसील कचेरीत, सेतू केंद्रात, जात पडताळणीच्या रांगेत आज हजारो माणसे पणजोबा शोधत आहेत. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला आहे. इनाम कमिशनच्या वेळी घडले तेच पुन्हा घडते आहे. सरकारने प्रश्न विचारला आहे आणि समाज त्या प्रश्नाच्या मापाची वंशावळ लिहितो आहे. दुसरीकडे २०२६-२७चा सिंहस्थ आला आहे, लाखो माणसे गोदाकाठी येतील आणि वह्यांत नव्या नोंदी होतील. जुन्या वह्यांचा कागद मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा जातो. काही घरांतली पुढची पिढी पौरोहित्यात नाही. त्या घरांतल्या वह्या कपाटात आहेत की रद्दीत, हे कोणी पाहत नाही.

हे पुस्तक नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या सरदार घराण्यांचा कोश नाही. मोजकी घराणी घेऊन प्रत्येकाची वहीतली नोंद, वतनाच्या तंट्यातला करीना, इनाम कमिशनची कैफियत आणि घरात सांगितली जाणारी कथा यांना शेजारी शेजारी ठेवले आहे. विरोध दिसला तिथे तो मिटवला नाही. तुटलेल्या जागा तुटलेल्या ठेवल्या आहेत, तक्त्यात तुटक रेषा दिसतील. मूळ पुरुष राजपुतान्यातून आला, की कर्नाटकातून, की इथलाच, यावर आम्ही निर्णय दिलेला नाही, कारण तसा निर्णय देण्याइतका पुरावा बहुतेक घराण्यांपाशी नाही. सुना, मुली, दत्तक गेलेले आणि निपुत्रिक यांची नावे जिथे मिळाली तिथे तक्त्यात घेतली. त्यामुळे तक्ते रुंद आणि अवघड झाले. वाचकाने ते सोसावे. जिवंत व्यक्तींची नावे गाळली आहेत आणि वह्यांतला मजकूर त्या त्या उपाध्याय घराण्याच्या संमतीनेच घेतला आहे. वही ही त्यांची मिळकत आहे, संशोधकाची नाही.

काही घराण्यांना हे पुस्तक रुचणार नाही. आपला पूर्वज शिलेदार होता, पंचहजारी नव्हता, हे वाचायला कोणाला आवडते? पण शिलेदाराची कागदावर टिकलेली एक ओळ कल्पित पंचहजारीपेक्षा मला अधिक मोलाची वाटते.

वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या घरी मोडी कागद, सनदा, जुन्या फेरफारांच्या नकला, लग्नपत्रिका असतील तर त्यांना प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो. सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा, कारण मोडी कागदाच्या पाठीवर बहुतेक वेळा तारीख किंवा शेरा असतो. नाशिकला किंवा त्र्यंबकला गेलात तर वहीत लिहिताना घाई करू नका. आईचे, आजीचे आणि त्यांच्या माहेरचे नाव पूर्ण लिहा, बहिणींची आणि मुलींची नावे लिहा, आणि तारीख घाला.